हिरवी राहिलेली फणी

सावद्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी नोंदी ठेवते.
खोली नंबर तीन. आत सोळा अंश.
बाहेर मे, पंचेचाळीस,
दाराच्या कडीला हात लावायचा तर पदर गुंडाळून.
ऊन मला वर्ज्य झालं त्या साली
मालकानं वजनकाट्यावरून उचलून मला इथं ठेवलं,
मालासारखंच, सावलीला.

आधी गाल लाल झाले, नाकाच्या दोन्ही अंगांनी.
काट्यावरच्या बाया म्हणाल्या, "लाली लावीसन येते का व, हर्षाली?"
मग बोटांचे सांधे.
मग केस: कंगव्यात, उशीवर, मळलेल्या कणकेत.
जळगावच्या डॉक्टर खर्चेंनी कागदावर तीन अक्षरं लिहिली, ल्युपस,
आणि म्हणाले, तुमच्या रक्तातले राखणदार
घरच्यांनाच ओळखेनासे झालेत.
रिपोर्टात आकडा होता, एकास बाराशे ऐंशी.
सासू म्हणाली, "एवढा मोठ्ठा? चांगलंच असंन मंग."

किडनीसाठी पुढंमागं कडक औषध लागेल,
त्याआधी काविळीची लस घेऊन ठेवा, म्हणाले.
नणंद लीना नर्सिंगला लागली होती, तिलाही हवीच होती.
दोघी एका बाकावर, एकाच सिस्टरकडून,
दोघींचा डावाच दंड.
पहिला डोस, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा.
मग दोघींचं रक्त तपासलं.
लीनाचं आलं हजाराच्या वर,
मशीननं पुढं मोजायचंच सोडून दिलं.
माझं आलं सात.
दहा तरी लागतात.

या दोन आकड्यांची तुलना होत नसते, डॉक्टर म्हणाले.
मी केली.
घरच्यांवर बाराशे ऐंशीनं तुटून पडणारं रक्त
चोराचा फोटो तीनदा दाखवूनही
सातच जणांना उठवतं
आणि कूस बदलून झोपतं.

गोळीचाही दोष आहे म्हणाले त्यात, पांढऱ्या.
तिनं सांध्यांतला वणवा विझवला खरा,
पण त्याच पाण्यानं
चुलीतलं सरपणही भिजलं.

खोलीत गॅस सोडला की दिवसभर दार उघडायचं नाही.
चौथ्या दिवशी उघडलं की
सगळे क्रेट पिवळे, डोळे दिपावेत असे.
पण एखादी फणी असते,
त्याच घडाची, त्याच बागेतली,
तिच्यापर्यंत सांगावा पोचतो
आणि ती हिरवीच.
हमाल पोरं तिला मुकी म्हणतात.
माझ्या वहीत तिच्यासाठी रकाना आहे, बाद.
नऊ वर्षं मी त्यात आकडे भरले,
हात न थांबता.

हिवाळ्यात दुखणं जरा निवलं,
गोळी दहावरून पाचावर आली,
तेव्हा चौथा डोस दिला, दुप्पट.
महिन्यानं रिपोर्ट आणायला निघाले
पूर्ण बाह्या, हातमोजे, छत्री, ओढणीत चेहरा,
एसटीत शेजारच्या म्हातारीनं विचारलं,
"मधमाश्या काढाले चालली का व माय?"

चौदा.

लीनानं कागद दोनदा वाचला.
"वैनी, पास!"
मला तिचा हजार आठवला.
मग माझा सात आठवला.
डॉक्टर म्हणाले, कमी आहे, पण आहे.
उतरतंही हे. सहा महिन्यांनी परत बघू.

परत आले तर खोली तीन उघडलेली,
पोरं पिवळा माल ट्रकात चढवत होती.
एक हिरवी फणी कोपऱ्यात फेकलेली.
मी ती उचलली,
एका पिकल्या केळ्याशेजारी कागदात गुंडाळून
टेबलाच्या खणात ठेवली.
तिसऱ्या दिवशी उघडून पाहिलं:
देठाजवळ, बोटाच्या पेराएवढं,
पिवळं म्हणावं की नाही असं काहीतरी.

वही उघडली.
बादमध्ये लिहिलं नाही.
मग कुठं लिहायचं,
पेन हातात धरून
बसले आहे.